चौकटीच्या कोपऱ्यातले दोन ठिपके

प्रति,
मा. संचालक,
अणुगर्भ आकारमापन केंद्र, नाशिक.

अर्जदार : सोमनाथ गोटीराम आहेर, मिलिंग ऑपरेटर, सातपूर.

विषय : चौकट नेमकी कोणी केली, ही नोंद दुरुस्त करणेबाबत.
संदर्भ : १) आपल्या शोधनिबंधातील आभार. २) आपले चौकशीपत्र (मागाहून आलेले).

महोदय,

अर्जदार एकोणीस वर्षे धातू कापून आकार देणाऱ्या मिलिंग मशीनवर आहे. पापणी लवण्याआधी विरून जाणाऱ्या अस्थिर अणुगर्भांचा आकार आपल्या केंद्रात शोधतात. ते पातळ पत्र्यावर आदळवायचे, आणि किरण कोणत्या कोनात निघाले यावरून गर्भ चेंडूसारखा की पेरूसारखा, हे ठरवायचे. तो पत्रा धरणारी चौकट अर्जदाराने केली. आभार मात्र छापून आले शेजारच्या मशीनवरील नाथा मोतीराम देवरे यांचे!

अर्जदाराच्या अंगाचा तिळपापड झाला, हे तो लपवीत नाही. नाथाने फक्त चौकट पोहोचवली व कागदावर सही ठोकली. त्यावर कँटीनमध्ये पेढे काय, हार काय! अर्जदाराची पत्नी उज्ज्वला हिनेही नाथाभाऊजींनी नाव काढले म्हणून कौतुक केले. तो पेढा अर्जदाराच्या घशाखाली उतरला नाही.

वर्कशॉपची रीत अशी की, ज्याने जॉब, म्हणजे तो नग, केला त्याने मागच्या कोपऱ्यात पंच या टोकदार हत्याराने आपली खूण मारायची. नाथाचा एक ठिपका, अर्जदाराचे दोन. चौकट उलटून पाहावी.

अर्ज इथवर लिहून झाला आणि वर्कशॉपला आपले चौकशीपत्र आले. चौकट एका बाजूस अर्धा मिलिमीटर जाड निघाली, पत्रा कलला, कोन चुकले. पेरू म्हणून छापलेला गर्भ चेंडूच निघाला, निबंध मागे घ्यावा लागला. चौकट करणाऱ्यास यापुढे केंद्राचे काम नाही. आणि नाथाने लेखी कळवले म्हणे, की चौकट त्याचीच!

महोदय, आता मात्र हद्द झाली. आभार नेले ते नेले, वर अर्जदाराची चूकही नेली. सगळे वर्कशॉप त्याला दिलदार म्हणते. जॉब शिकंज्यात धरताना खालचा चुरा झाडायचा राहिला, तो अर्जदाराच्या हातून. नाथा हे अर्जदाराला वाचवण्यासाठी करतो आहे, हे कळते. म्हणूनच जास्त जळफळाट होतो.

सबब विनंती की, ठिपके मोजावेत. दोन भरल्यास नाथाचे काम चालू ठेवावे व अर्जदाराचे बंद करावे. आभार तर आता कोणाचेच उरले नाहीत. चूक तेवढी अर्जदाराची आहे, ती त्याच्याच नावावर राहू द्यावी.

आपला नम्र व दोन ठिपक्यांचा धनी,
सोमनाथ गोटीराम आहेर
दि. ११ फेब्रुवारी २०२५

सोबत : पंच, एक नग. खूण जुळवून झाल्यावर नाथाच्या हाती परत पाठवावा.