टेबलावरचं कापड

शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. ९ डिसेंबर १९७४

प्रिय वच्छला,

हे पत्र तुला स्वतःला वाचता यावं, भावाकडे द्यावं लागू नये, म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. इकडे सगळे बरे आहेत. आप्पांचा खोकला कमी झाला. नळ आता पहाटे येतो.

काल कारखान्यातल्या सिद्धप्पानं मला सकाळच्या खेळाला नेलं. परदेशी पिक्चर म्हणून त्याला भलतंच काही वाटलं होतं. निघाला जुना, काळापांढरा, आणि त्यात नुसते नवरा-बायको आणि त्यांचं घर. मध्यंतरात सिद्धप्पा म्हणाला, "तोंडं फिरवून बसल्यात दोघं. हे मी माज्या घरी फुकट बघतोय की." चहाला गेला तो आलाच नाही. मी बसून राहिलो. भाषा कळत नव्हती, खालची इंग्रजी अक्षरं जुळवेपर्यंत पुसली जायची. पण एका जागी ती बाई जेवणाच्या टेबलावर कापड अंथरते. नवरा येतो, वाकडा कोपरा सरळ करतो आणि पेपर वाचायला बसतो. रागावतही नाही. ती मागे ताटल्या धरून उभी, आणि तिचा चेहरा कितीतरी वेळ पडद्यावर तसाच राहतो. वच्छला, मला तिथून उठून जावंसं वाटलं.

कारखान्यात दिवसभर चादरी उलगडायच्या आणि चूक दिसेल तिथे खडूनं खूण करायची, हे माझं काम. ते मी घरी आणलं. तू घातलेली घडी मोडून पुन्हा घालायचो, तू लावलेली कडी पुन्हा बघायचो. पावसाळाभर दुपारी बसून तू गोधडी शिवलीस, ती मी उजेडात धरली आणि चुकलेल्या टाक्यांवर खुणा केल्या. मला वाटलं, तुला उसवायला सोपं जाईल. तू एवढंच म्हणालीस, "तुमाला बायकू कशाला, चादर पायजे व्हती," आणि दुसऱ्या दिवशी माहेरी होटगीला गेलीस. तेव्हा तुझा चेहरा कसा झाला होता ते मला आठवत नाही. मी खुणाच बघत होतो. आता घरात सगळं जिथल्या तिथं असतं. तुझा कंगवा तेवढा खिडकीत आडवा पडला आहे, केसासकट. त्याला मी हात लावलेला नाही.

येत्या रविवारी आप्पा आणि तुझे वडील काडीमोडीचं ठरवायला बसणार आहेत. मला कुणी विचारलं नाही, तुलाही विचारलं नसेल. नवऱ्यानं स्वतः न्यायला जाणं आपल्यात कमीपणाचं, म्हणून तीन महिने मी तुमच्याकडच्या निरोपाची वाट बघत बसलो. आता रजा मांडली आहे. शनिवारी दुपारच्या गाडीनं मीच येतो, आप्पांना सांगून येतो. तुझ्या वडिलांनी घरात घेतलं नाही तर स्टेशनातल्या बाकावर संध्याकाळच्या गाडीपर्यंत बसेन. तू माझ्याबरोबर परत यावंस असं मला फार वाटतं. पण यायचं नसेल, तरी तेवढं सांगायला ये.

तुझाच,
महिपती