जावा विकणार नाही

कळंबोली,
२० जानेवारी १९९७

तीर्थस्वरूप मामांस,

अरविंदचा साष्टांग नमस्कार. थंडीत तुमचा दमा आणि मामींचा गुडघा कसा आहे ते कळवावे. इकडे सगळे ठीक आहे (माझा डावा खांदा सोडून, त्याचे पुढे येईलच).

तुमचे पत्र मिळाले. सयाजीदादा गेल्यावर त्याची जुनी जावा मोटरसायकल दारात ठेवणे बरे नाही, वर्षश्राद्धाच्या आत लोखंड बाजारातल्या भंगारवाल्याला देऊन टाक, असे तुम्ही लिहिले आहे. तुमचा शब्द मी आजवर मोडलेला नाही. कॉमर्सला घातलेत, गेलो. मिशी काढ म्हणालात, काढली. हा मात्र मोडतो. जावा विकणार नाही. शिवाय काल मी ती शर्यतीत चालवली. हे दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेले बरे (दिघ्याच्या राहीआत्या तिथे होत्या, म्हणजे पत्राआधीच कळले असेल).

शर्यत कसली ते सांगतो, कारण दादा रविवारी सर्कशीत काम करायचा असा तुमचा अजून समज आहे. इथे ट्रकच्या तळामागे भरावाची माती पडली आहे. तिच्या खड्ड्या-उंचवट्यांवरून मोटरसायकली उडवत नेतात, त्याला मोटोक्रॉस म्हणतात. नव्या गाड्यांचा गट वेगळा, जुन्यांचा वेगळा. जुन्यांत पंचाहत्तर सालाआधीचीच गाडी चालते. माणसाच्या वयाला अट नाही, पण माणसेही साधारण तेवढीच जुनी असतात. कोणाचा सायलेन्सर तारेने बांधलेला, कोणाची कंबर पट्ट्याने. दादा या गटात कधीच पहिला आला नाही. तरी सोमवारी गॅरेजात कामावर असा जायचा, जणू बक्षीस घरी ठेवून आला आहे.

मी आयुष्यात फक्त स्कूटर चालवली, तीही बेलापूरच्या ऑफिसपर्यंत. स्कूटरचे गिअर डाव्या मुठीत असतात, जावाचे पायात. हे मला माहीत होते. पण पहिल्या उंचवट्यावरून गाडी हवेत गेली आणि मी सवयीने डावी मूठ पिरगाळली. त्या मुठीत काहीच नसते, नुसते रबर असते. ते हातात आले. मग गाडी एकीकडे, मी एकीकडे आणि रबर माझ्याजवळ. (खांदा तो हाच.) लोक हसले. हसू देत. मी उठलो, रबर खिशात घातले आणि पुढे निघालो. शेवटचा आलो. इतका शेवटचा, की नव्या गाड्यांची पोरे सुरुवातीच्या रेषेवर इंजिने गुरगुरवत माझ्या येण्याची वाट बघत होती.

तिथेच राहीआत्या उभ्या होत्या. तेराव्याला डोळ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांना येता आले नव्हते आणि दुखवट्याची टॉवेल-टोपी वर्षाच्या आत द्यायचीच राहिली होती. घराला कुलूप बघून शेजाऱ्यांना विचारत त्या थेट मैदानावर आल्या. मातीने हेल्मेटचा पट्टा अडकलेला, तो सुटेना. तेव्हा त्यांनी टोपी हेल्मेटवरच चढवली, टॉवेल दुखऱ्या खांद्यावर टाकला आणि माझ्या गळ्यात पडून मोठ्याने रडू लागल्या.

माइकवर बंडू नावाचा इसम असतो. त्याला वाटले सत्कार चालला आहे. "पब्लिक, इकडे बघा! शेवटच्या नंबरचा पण सत्कार! आजींना आनंदाश्रू आलेत! टाळ्या झाल्या पायजेत!" झाल्या. आत्यांनी आवाज आणखी चढवला. तेवढ्यात पहिला आलेला रणजीत (पन्नाशीचा माणूस, पण रुसला होता) आयोजकांना म्हणाला, "त्याला टॉवेल-टोपी, आणि मला नुसता कप?" आयोजक ओशाळले. नाक्यावरच्या दुकानातून टोप्या आणि टॉवेल मागवले आणि आमच्या गटातल्या सगळ्यांना दिले.

आत्यांनी डोळे पुसून वर बघितले, तर समोर सगळे टोप्या घालून, खांद्यावर टॉवेल टाकून गंभीर उभे (फोटो काढायचा होता). आत्या म्हणाल्या, "अरविंदा, एवढी मान्सं दुखवट्याला! सयाजीनं लई मान्सं जोडली रं." बंडूचा माइक जवळच होता. मैदानभर ऐकू गेले.

कोणी खुलासा केला नाही. रणजीतने कप खाली ठेवला. नव्या गाड्यांच्या पोरांनी इंजिने बंद केली. मामा, तेराव्याला आपल्या पंगतीत पाने उरली होती, तुम्हाला आठवत असेल. हेल्मेटचा पट्टा मग सुटला, पण धूळ फार होती, म्हणून मी बराच वेळ ते काढले नाही.

आज सकाळी भंगारवाला आला. "मामांनी शब्द दिलाय," म्हणाला. मी म्हणालो, "मामांचा शब्द मामांच्या गाडीला लागू." हे मी मोठ्या आवाजात म्हणालो. रागावायचे असेल तर जरूर रागावा. गाडी दारातच राहील.

मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक (हा एक विषय सोडून),
अरविंद

ता. क. मामींचे लिंबाचे लोणचे पोहोचले. बरणी परत पाठवतो.

ता. क. दुसरा. खरे तर पत्र यासाठीच लिहायला घेतले होते. प्रत्येक चालवणाऱ्याचा एक घरचा माणूस पाना घेऊन कडेला उभा पाहिजे, असा क्लबचा नियम आहे. दादासाठी मी उभा राहायचो. काल मी एका ट्रक ड्रायव्हरला उभे केले. तो चहाला गेला. पुढची शर्यत मार्चमध्ये आहे. मामा, तुम्ही याल का? येत काही नसले तरी चालते. मलाही येत नव्हते. पाना हातात धरायचा आणि आपला माणूस समोरून गेला की शिव्या द्यायच्या.