अठ्ठावन्न वर्षांचा पुरुष, व्यवसाय शिंपी

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. (होस्टेलची खोली इतकी अरुंद आहे की साष्टांग घालायचा तर पाय बाहेर कॉरिडॉरमध्ये येतील, तेव्हा खुर्चीतूनच केलेला मानून घ्या.) तुमची छाती कशी आहे? अजून ओढल्यासारखं होतं का? मामीचा गुडघा, मशीनचा पट्टा आणि तुमचं दोघांचं भांडण ही तिन्ही आपापल्या जागी असतील अशी आशा आहे. तुमचे मंगळवारी दोन आणि काल तीन फोन येऊन गेले, ते मी उचलले नाहीत. फोन सायलेंटवर होता असं सांगणार होते, पण माप देताना पोट आत ओढणारी गिऱ्हाइकं तुम्ही तीस वर्षं पाहिली आहेत, तुमच्यापुढे माझं काय चालणार. शिवाय फोनवर तुम्ही तीनदा हॅलो म्हणता आणि मामीकडे देऊन टाकता. पत्र तरी तुम्हाला स्वतःच्या हातात धरावं लागेल. आमच्या वॉर्डाच्या सिस्टर तुमच्याच गल्लीत राहतात, त्या संध्याकाळी आणून देतील. त्यांना ओळखाल तुम्ही. इंजेक्शन देताना ज्यांना तुम्ही "सुई धरायची ही पद्धत नाही" म्हणाला होतात, त्याच.

तर मामा, मी तुमच्यावर पेपर लिहिला. घाबरू नका, वर्तमानपत्रात नाही. डॉक्टर लोक एकमेकांना वाचायला जे जर्नल काढतात आणि मग वाचत नाहीत, त्यात. आठ महिन्यांपूर्वी तुम्ही कापड बेतायला वाकलात आणि खडूसकट कापडावरच आडवे झालात. तुमच्या हृदयाच्या डाव्या कप्प्यात देठावर लोंबणारी लिंबाएवढी गाठ निघाली. वाकलात की ती झडपेच्या तोंडात जाऊन बसायची आणि रक्त तुंबायचं. ती कापून काढली, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे (आणि तुमच्यामुळे तुमच्या तमाम गिऱ्हाइकांनाही). ठाऊक नाही ते पुढचं. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी आमचे विभागप्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं मोठे सर म्हणतो, तुमच्या पलंगापाशी उभे राहून अत्यंत आनंदाने म्हणाले, "सुरेख केस आहे." तुम्ही मला नंतर हळूच विचारलंत, सुरेख म्हणजे मी जगणार का? मी हो म्हटलं. सुरेख म्हणजे पेपर होणार, मामा. आमच्या धंद्यात चारचौघांसारखा आजार झालेल्या माणसाला कुत्रं विचारत नाही.

लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण एम.डी.च्या दुसऱ्या वर्षाला असणाऱ्याकडे सगळंच येतं. पहिल्या खर्ड्यात मी तुम्हाला तुमच्यासारखं लिहिलं होतं. शुद्धीवर आल्यावर तुम्ही पहिल्यांदा छातीवरचे टाके पाहिलेत आणि सर्जनना म्हणालात, "साहेब, हा धावदोरा आहे, धुतल्यावर उसवेल," हेसुद्धा होतं. सरांनी त्या अख्ख्या पानावर तांबडी रेघ मारली आणि विचारलं, "रुग्णाला विनोदबुद्धी आहे, ही हृदयाच्या कोणत्या कप्प्यात भरायची?" मग उरलात ते असे: अठ्ठावन्न वर्षांचा पुरुष, व्यवसाय शिंपी, वाकल्यावर चक्कर, ओठांवर तपकिरी ठिपके, तंबाखू नाकारतो. (आम्ही असंच लिहितो, नाकारतो. हे लिहीत होते तेव्हा मामीने तुमच्या उशीच्या अभ्र्यातून डबी काढून माझ्यासमोर ठेवली होती. मग "नाकारतो" खोडून "खातो" केलं. शास्त्राशी प्रतारणा नको.)

लेखकांच्या नावांची गंमत निराळीच. पहिलं नाव मोठ्या सरांचं. दुसरं सर्जनचं. तिसरं सर्जनच्या बायकोचं. त्या त्वचारोगतज्ज्ञ आहेत आणि तुमच्या ओठांकडे त्यांनी लिफ्टची वाट बघताबघता पाहिलं होतं. मग ज्यांनी गाठीचे काप केले ते, मग ज्यांनी ते काप बघून मान डोलावली ते, आणि सहावी मी. सात झाली तर जर्नल घेत नाही, नाहीतर लिफ्टमनही आला असता. ज्याने सबंध पेपरात स्वतःचं हृदय घातलं तो एकटाच बिननावाचा. तुमचा फोटोसुद्धा कापून कापून नुसते ओठ ठेवले, ओळख पटता कामा नये म्हणून. मामी मात्र त्या ओठांना हजारात ओळखेल आणि म्हणेल, बघा, इथेही बोलतच होते.

पेपर पाठवायचा म्हणजे त्यांच्या वेबसाइटवर चढवायचा, आणि ते काम तुमच्या ऑपरेशनपेक्षा जास्त वेळ चाललं. चित्र मोठं आहे, लहान करा. लहान केलं तर अस्पष्ट आहे, मोठं करा. शीर्षकात पंधराच शब्द. शेवटच्या पानावर एक चौकोन आला: लेखकांपैकी कोणाचं रुग्णाशी काही नातं आहे का? मी "आहे" वर खूण करणार तेवढ्यात मागे उभे असलेले सर म्हणाले, "नाही म्हण. आहे म्हटलंस की चार पत्रं येतील." मी नाही म्हटलं. तर मामा, तुम्ही माझे कोणी लागत नाही असं मी रीतसर लिहून दिलेलं आहे. ज्यांच्या खांद्यावर बसून मी दुकानातले पुतळे मोजले त्यांच्याबद्दल. त्या दिवशी जेवण गेलं नाही. (दुसऱ्या दिवशी गेलं. माणूस निर्लज्ज असतो.) ती खूण मी या सोमवारी बदलली, सरांना न विचारता. अजून एकही पत्र आलेलं नाही.

पहिल्या जर्नलने चाळीस मिनिटांत परत पाठवला. "आमच्या वाचकांना यात रस वाटणार नाही." चाळीस मिनिटांत तुम्ही पँटची तळपट्टीही उसवत नाही. दुसऱ्या जर्नलने तीन महिने काही कळवलं नाही, आणि मग दोन परीक्षकांची मतं पाठवली. हे परीक्षक कोण असतात ते कधी सांगत नाहीत, पडद्याआडून बोलतात. पहिल्याने लिहिलं होतं, लेख उत्तम आहे, निम्मा करा. दुसऱ्याने तीन प्रश्न विचारले होते. पहिला एका स्पेलिंगचा. दुसरा असा: रुग्णाच्या बहिणीबद्दल अधिक तपशील मिळू शकतील का?

कारण पेपरात एक ओळ होती. घराण्याचा इतिहास या सदराखाली ती घालावीच लागते. "रुग्णाच्या एका बहिणीचा वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी अकस्मात मृत्यू, कारण अज्ञात." ती ओळ मीच टाइप केली होती, मधला स्वल्पविराम नीट तपासून, कारण आम्हाला तसं शिकवतात. एवढ्या शब्दांत आई बसली. तुम्हाला आठवतच असेल. मला फक्त तुकडे आठवतात. मी अकरा वर्षांची, दारात शाळेचे बूट घालून उभी. आई माझ्या बुटाची नाडी बांधायला वाकली, बांधून उठली, आणि उभी राहिलीच नाही. मला वाटलं थट्टा करतेय. मग तुम्ही धावत आलात, गळ्यात मापाची टेप तशीच, आणि संध्याकाळपर्यंत ती काढ असं तुम्हाला कोणी सांगितलं नाही. डॉक्टरांनी कागदावर "हृदयक्रिया बंद पडून" असं लिहिलं. आता मला कळतं की हे लिहायला डॉक्टर लागत नाही. हृदयक्रिया सगळ्यांचीच बंद पडते, प्रश्न कशाने हा असतो.

तपशील हवे होते म्हणून बाबांना फोन केला. तुमचे मेहुणे दिवसाला बारा शब्द बोलतात, त्यातले चार "जेवलीस का" आणि "झोप नीट" यांत जातात. मी विचारलं, बाबा, आईला वाकल्यावर दम लागायचा का?

"का विचारतेस?"

"पेपरसाठी."

मग ते बोलायला लागले, मामा, आणि थांबेचनात. सोळा वर्षं घडी घालून ठेवल्यासारखं सगळं जागच्या जागी होतं. आधी दोन उशा घेऊन झोपायची, मग तीन. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून मागे बघायची, कोणीतरी हाक मारल्यासारखं. ओठांवर ठिपके होते. बाबा चिडवायचे, शाई चाटलीस का. शेवटच्या महिन्यात तिने वाकून फरशी पुसणं सोडलं होतं, आणि एकदा बाबा त्यावरून तिला काहीतरी टाकून बोलले होते. काय बोलले ते त्यांनी मला शब्दन् शब्द सांगितलं. मग विचारलं, "हेही लिहून घेतेस का?"

मी म्हटलं, "नाही बाबा. हे नको."

"लिही," ते म्हणाले. "उपयोग होत असेल तर लिही."

मी लिहिलं नाही. उशा, जिना आणि ठिपके एवढंच पाठवलं. परीक्षकाचं एका ओळीत उत्तर आलं: तपशील अतिशय उपयुक्त आहेत, आभारी आहे. मी ती ओळ बाबांना वाचून दाखवणार होते, पण त्यांचे त्या दिवसाचे शब्द संपले असतील असं वाटलं.

तिसरा प्रश्न सगळ्यांत लहान. बहिणीच्या अपत्यांची तपासणी झाली आहे का? कारण ही गाठ क्वचित घराण्यातून चालत येते, ओठांवरच्या ठिपक्यांसकट. परीक्षकाने विचारणं बरोबरच होतं. आश्चर्य एवढंच की तोवर आमच्या सहा लेखकांपैकी कोणालाच हे सुचलं नव्हतं, सहाव्या लेखिकेलाही नाही. बहिणीची अपत्यं म्हणजे मी एकटीच. तर त्या प्रश्नाचं उत्तर मी सोमवारी पाठवलं आहे, एका शब्दाचं: झाली.

बाकी इथलं सगळं चालू आहे तसं चालू. मामीला नमस्कार, गुडघ्याला विश्रांती, डबीला रजा. पत्र लांबलं; तुमच्या भाषेत सांगायचं तर बेतायला सदरा घेतला आणि डगला झाला.

तुमची,
भाची

ता.क. १: सोबत एक फॉर्म आहे. पेपरात तुमची माहिती छापायला हरकत नाही अशी सही त्यांच्याच कागदावर लागते. जिथे पेन्सिलने फुली केली आहे तिथे सही करा. आणि दर सहा महिन्यांनी तपासायला यायचं ठरलं होतं, त्याला दोन महिने उलटले. ही गाठ घराण्यातली असेल तर पुन्हा येऊ शकते. "गिऱ्हाइकांची गर्दी आहे" हे कारण चालणार नाही.

ता.क. २: वर "झाली" लिहून मोकळी झाले, पण तुम्ही शेवटी विचारणारच. हृदयाची सोनोग्राफी करणारे आमचे डॉक्टर कमालीचे बडबडे आहेत, छातीवर गार जेली लावतालावता सगळ्या वॉर्डाच्या भानगडी सांगतात. माझ्या छातीवर यंत्र फिरवताना ते मध्येच बोलायचे थांबले. आमच्यात याला रिपोर्ट म्हणतात. गाठ लहान आहे, वाटाण्यापेक्षा जरा मोठी. लहान आहे हे चांगलं, वेळेत सापडली हे त्याहून चांगलं. मी कागद घेऊन मोठ्या सरांकडे गेले. त्यांनी तो दोनदा वाचला, मग स्वतः उठून खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाले, "बस." दोन वर्षांत त्यांच्यासमोर पहिल्यांदाच बसले. "पेपर राहू दे आता," ते म्हणाले. मी म्हटलं, राहू कसा द्यायचा सर, आता तर दोन रुग्ण झाले. ते हसले नाहीत. मीही नंतर हसले नाही. ऑपरेशन येत्या सोमवारी सकाळी आठला.

ता.क. ३: सगळं पत्र ज्यासाठी लिहिलं ते आता लिहिते, कारण कागद संपला. बाबांना मी सांगू शकत नाही. तीनदा फोन लावला आणि तीनदा जेवण झालं म्हणून सांगून ठेवून दिला. तुम्ही त्यांच्याकडे जा. मामीला नेऊ नका, ती आधी रडेल. त्यांचा चहा होऊ द्या. मग शर्टाची बटणं काढून तुमचा व्रण दाखवा, तुम्ही आता दुपारभर मशीन चालवता हे सांगा, आणि त्यानंतर माझं सांगा, या क्रमाने. आईबद्दल विचारलं त्या दिवशी फोन ठेवताना त्यांनी मला विचारलं होतं, तिच्या वेळी ते तपासायचं यंत्र होतं का? मी नाही म्हणाले. होतं, मामा. याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. हे त्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, माझी छाती होत नाही. सगळं ऐकून ते उठून चपला शोधायला लागतील. अडवू नका. घेऊनच या.