हानबोकला निऱ्या

अल्बनी, ऑकलंड
१२ एप्रिल २०२५

रा. रा. काशिनाथराव यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर समीरचं नाव निघालं की तुम्ही फोन ठेवता, म्हणून पत्र. मुलानं इथलं नागरिकत्व घेतलं म्हणून तुमचा त्याच्याशी अबोला, आणि एवढ्या लांब एकटीनं यायची शिक्षा मला!

आता गंमत. आपल्या लग्नाच्या वाढदिवसाला सूनबाईनं मला मॉलजवळच्या कोरियन स्टुडिओत नेलं. त्यांचा पारंपरिक पोशाख, हानबोक, घालून फोटो काढतात. बाईनं घागरा हातात दिला. मी आपला कमरेला बांधला, तर हातभर जमिनीवर लोळतोय. मग काय, सवयीनं हात चालले. चापूनचोपून निऱ्या घातल्या, खोचल्या आणि ऐटीत बाहेर आले. बाईची हसून पुरेवाट! तो छातीवर बांधायचा असतो म्हणे. तिनं नीट बांधून दिला, पण आधी निऱ्या शिकून घेतल्या. सानिका म्हणाली, आजी ‘स्वीट ॲज’. म्हणजे फक्कड. तुमच्या नातीचं मराठी हे असं.

पोशाख जोडीचा, आणि नवरोबा पुण्यात रुसलेले. शेवटी समीरलाच तुमचा झगा आणि काळी टोपी चढवली. उभा राहताना हळूच म्हणाला, बाबा इथे असते तर टोपीला नक्की नावं ठेवली असती. मला रडूच आलं. फोटो पाठवते आहे. बघायचा तर बघा.

गोळ्या वेळेवर घ्या. लोभ आहेच, राग ओसरला की तेवढं कळवा.

तुमची,
नीलांबरी

पुणे
३ मे २०२५

सौ. नीलांबरीस,
सप्रेम नमस्कार. आशीर्वाद द्यायची हिंमत नाही.

इकडे सगळं ठीक. आमटी रोज वेगळी होते, चुकून. निऱ्यांचा किस्सा शेजारच्या प्रमोदला वाचून दाखवला, तो अजून हसतो आहे. तो गुलाबी रंग तुला शोभतो, हे मान्य.

फोटो आज भिंग घेऊन पाहिला. टोपीखाली, कानांजवळ, समीरचे केस पांढरे झालेत. हे मला कुणी सांगितलं नाही. सांगणार कसं, फोन तर मीच ठेवत होतो. फार वाईट वाटलं गं. पोरगं पिकायला लागलं आणि बाप अजून रुसलेलाच!

व्हिसासाठी आज अर्ज केला. समीरला विचार, विमानतळावर घ्यायला येशील का. नाही म्हणाला तर टॅक्सीनं येईन, पण येईन.

तुझा लोभ आहेच. त्याचा मागतो आहे.

तुझा,
काशिनाथ