दोन्ही मामांचं एकमत

प्रिय प्रियदर्शनी,

कुंडलहून तुझ्या आज्जीचा आशीर्वाद. अक्षर तुझ्या धाकट्या मामीचं, रूपालीचं आहे, तोंड माझं. मी 'हाय' म्हणते तिथं ती 'आहे' लिहिते. मी म्हटलं, बोलण्याला वेणीफणी कर बाई, पण त्यातलं मीठ काढू नको. तू मागं फोनवर विचारलंस, विद्यापीठातले प्राध्यापक कुणी डावे, कुणी उजवे कसे होतात, आणि डावं-उजवं म्हणजे नेमकं काय. तुला कॉलेजात त्यावर लिहून द्यायचं आहे. "आज्जी, तू घरात दोन प्राध्यापक वाढवलेस, तुलाच ठाऊक," म्हणालीस. अगं, दोन म्हशी वाढवल्या असत्या तर त्यांच्या पोटातलं नक्की सांगितलं असतं. तरी सांगते. आणि परवा मंगळवारी जे झालं तेही सांगते.

तुझा थोरला मामा भरतेश विद्यापीठात गेला आणि पहिल्या दिवाळीलाच झोळी अडकवून परत आला. म्हणाला, आई, आजपासून गडी-माणसांना वेगळी कपबशी ठेवायची नाही. मी म्हटलं, आपल्याकडं कपबश्याच चार, वेगळी ठेवू कुठून? मग आर्जव मोठा झाला. त्यानं थोरल्याचं ऐकून ऐकून बरोबर उलटं धरलं. तो म्हणायला लागला, आपलं कूळ, आपला देव, आपला देश. हे लोक सगळं मोडायला निघालेत. भरतेश देव मानत नाही, पण आपल्या जैनांच्या रीतीनं दिवस मावळल्यावर अजून घास घेत नाही. म्हणतो, पचनाला बरं असतं. आर्जव सगळं मानतो, आणि सांगलीच्या मित्रांत बसून रात्री दहाला जेवून येतो. आता तुझ्या निबंधात कुणाला कुठल्या बाजूला लिहायचं ते तूच बघ.

मी एकदा दोघांना वेगवेगळं गाठून अर्थ विचारला. भरतेश म्हणाला, जो नाडलेल्याच्या बाजूनं उभा राहतो, सगळ्यांना सारखा वाटा मागतो, तो डावा. आर्जव म्हणाला, जो घर, नाती, वाडवडलांची रीत जपतो, कुणाला उघडं पडू देत नाही, तो उजवा. मला दोन्ही पटलं. मी म्हटलं, मग तुम्ही भांडता कशाला, एकानं वाटा द्या, दुसऱ्यानं घर जपा. तर दोघंही माझ्याकडं असे बघायला लागले, जसं मी ताकात साखर घातली. ही नावं पडली कशी, तेही भरतेशनं सांगितलं: लांबच्या कुठल्या देशात सभेमध्ये कोण कुठल्या अंगाला बसलं होतं, त्यावरून म्हणे. आपल्या बस्तीत जिनासमोर बाया एका अंगाला बसतात, बाप्ये दुसऱ्या. त्यावरून कुणी अजून पक्ष काढला नाही, नशीब.

पण गंमत तेवढीच. पुढं त्यांचं वैर झालं ते नोकरीवरून. भरतेश शिकवतो त्याच विद्यापीठात आर्जवला जागा हवी होती. मुलाखतीत त्याला विषय कमी आणि विचार जास्त विचारले, असं तो सांगतो. जागा दुसऱ्याला गेली, आणि हा सांगलीच्या कॉलेजात शिकवायला लागला. आर्जवच्या मनात बसलं की थोरल्याच्या माणसांनीच आपल्याला उजवा म्हणून बाहेर ठेवलं आणि थोरला गप्प बसला. मग वारं फिरलं. भरतेशला विभागप्रमुख करायचे दिवस आले तेव्हा त्याच्या डोक्यावरून कालचं पोरगं नेमलं, आणि त्यानं धरलं की हे आर्जवच्या माणसांचं काम. खरं-खोटं त्यांचं त्यांना माहीत. मी एवढंच बघितलं की भरतेशकडं येणारे सगळे भरतेशला 'बरोबर आहे सर' म्हणतात, आणि आर्जवकडं येणारे आर्जवला. 'चुकलं सर' म्हणणारा माझ्या सोप्यात चहाला कधी आला नाही. एवढी पुस्तकं असलेल्या घरात एकही 'चुकलं' म्हणणारा येऊ नये, याचं मला नवल वाटतं.

राखीचं तर तू बघितलंच आहेस. तुझी आई कराडहून यायची, एकाला सकाळी बांधायची, दुसऱ्याला दुपारी; मधल्या वेळात ताट झाकून ठेवायची. तुझे आजोबा रामगोंडा गेले तेव्हाही दोघं दोन कोपऱ्यांत बसले होते. मी रोज जिनाला हात जोडून मागायची, की माझे डोळे मिटायच्या आत ही दोन पोरं एका बाजेवर बसलेली दाव.

मंगळवारी बसली. एकाच गाडीतून उतरली, बाजेवर मांडीला मांडी लावून बसली. भरतेश म्हणाला, "आरू, पाणी दे रं." आर्जवनं दिलं! मला रडू फुटलं. मी रूपालीला म्हटलं, पुरण घाल गं. दिवस मावळायच्या आत दोघं ताटाला ताट लावून जेवले, एकमेकाला वाढ वाढ म्हणाले. मग आर्जवनं पिशवीतून साडी काढली. हिरवीगार इरकल, लाल काठ. ज्या दोघांचं माझ्या चष्म्याच्या फ्रेमवरही कधी जुळलं नाही, त्यांनी सांगलीच्या दुकानात शेजारी बसून ती साडी पसंत केली होती. "आईला विचार, रंग अक्काला शोभंल का," असं भरतेश म्हणाला. मी म्हटलं, शोभेल की, पण आज कुठला सण? तर म्हणाले, हक्कसोड.

तुला शहरात हा शब्द ऐकायला मिळाला नसेल, म्हणून सांगते. बापाच्या रानात बहिणीचा हिस्सा असतो. तो तिनं कचेरीत जाऊन राजीखुशीनं सोडायचा, भावांनी साडीचोळी नेसवायची, मग सगळ्यांनी मिळून जेवायचं. घराघरात चालतं. पण माझ्या घरात, एका डाव्या प्राध्यापकानं आणि एका उजव्या प्राध्यापकानं? मला आधी वाटलं, थट्टा करतात. मी भरतेशला विचारलं, तुझा तो सारखा वाटा कुठं गेला? तो चष्मा पुसत म्हणाला, "आई, अक्का इस्टेटीवर जीव टाकणारी बाई न्हाई. तिला ह्यात ओढणं म्हंजे तिचा अपमान." मी आर्जवला विचारलं, तू तर कुणाला उघडं पडू देत नाहीस? तो म्हणाला, "आपली रीतच हाय ती. पोरीनं हिस्सा मागितला की माहेर तुटतं." बघ हं, एक निघाला पूर्वेकडून, एक पश्चिमेकडून, आणि दोघं येऊन पोहोचले पाटाकडेच्या त्याच रानात. इतकी वर्षं घरात एवढी भाषणं झाली, आणि एकमत झालं ते ह्यावर! मी माझं ताट बाजूला सारलं. पुरण तसंच त्यात राहिलं.

ते रान कुणी राखलं, हे दोघांना आठवत नाही असं नाही. तुझे आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा हे दोघं सांगलीत वसतिगृहात होते. तुझी आई शाळा सोडून उसाला पाणी पाजायची, आणि त्याआधी पहाटे भाकरी थापून दोघांचे डबे पहिल्या एसटीत ठेवायला पळत जायची. एकदा गाडी सुटली तर तिच्यामागं पुढच्या फाट्यापर्यंत धावली होती. त्या भाकरीवर एक डावा झाला, एक उजवा झाला. हे मी सांगत असताना रूपालीचा पेन थांबला. तिनंही माहेरी, मेढ्याला, भावांना असंच लिहून दिलं आहे. मी म्हटलं, थांबायचं असेल तर थांब, नवरा तुझा आहे. तर म्हणाली, "आवं, तुमी सांगा, मी लिवते." आता लिहिताना ती 'लिवते' तसंच ठेवू दे.

आता हे पत्र कशाला लिहिलं ते ऐक. निबंध नंतर लिही, बाळ. तुझ्या आईनं भावांना फोनवर 'हो' म्हटलं आहे. सोमवारी पलूसच्या कचेरीत सही आहे. मी फोन केला तर म्हणते, "आई, रान नको, मला माहेर राहू दे," आणि रडायला लागते, मला पुढं बोलूच देत नाही. पत्राला मध्येच तोडता येत नाही. म्हणून आज रूपाली ह्याचे फोटो तुझ्या मोबाइलवर टाकेल. तू लगेच पुण्याहून कराडला जा, आईला तिची पिठाची गिरणी बंद करायला लाव, तिला समोर बसव आणि पुढचं मोठ्यानं वाच. सुंदरे, मी बोलते. माहेर म्हणजे मी आहे, आणि मी काही साडीवर विकत मिळत नाही. सोमवारी तू पलूसला जायचं नाहीस, इथं यायचंस. वाटणीच्या कागदावर माझाही अंगठा लागतो, आणि तुझं नाव असल्याशिवाय तो उमटणार नाही, असं मी दोघांनाही सांगून टाकलं आहे. भरतेश म्हणाला, आई, तू उजवी झालीस. आर्जव म्हणाला, आई, तू डावी झालीस. मी म्हटलं, मी सुंदरीची आई झाले, तुमच्या दोघांच्याही आधी. साडी मी माझ्या पेटीत ठेवली आहे. येशील तेव्हा नेस, पण काही न सोडता नेस.

तुझीच, आणि तुझ्याआधी तुझ्या आईची,
राजमती आज्जी