आयव्हीचं बाक आणि दोन कौन्सिलं

थोरल्या बहिणीस, म्हणजे म्युरिएलताईस,
धाकट्या पर्सीचा नमस्कार. तुझा गुडघा वळत असेल आणि मांजर जेवत असेल, असं धरून चालतो. फोन मुद्दाम केला नाही. हल्ली मधेच खरखर येते, आणि ती उगाच येत नसणार.

गेल्या मंगळवारी नदीकाठचं आयव्हीचं बाक नाहीसं झालं. (आमची ही शेवटचं वर्षभर तिथेच माझ्याशेजारी बसायची, ती गेल्यावर तिच्या नावाची पितळी पट्टी मी बसवली.) मी तडक सिटी कौन्सिलात गेलो. खिडकीतली बाई गोड हसली, तेव्हाच मी सावध झालो. म्हणे गवत आमचं, फुटपाथ काउंटी कौन्सिलचा, म्हणजे जिल्ह्याचा, तर बाकाचे पाय नेमके कुठे होते? मागचे दोन गवतात, पुढचे दोन फुटपाथवर. काउंटीत गेलो, तर ते म्हणाले पाठ टेकायची बाजू सिटीची. दोघांचं आधीच ठरलेलं, दुसरं काय! मग महापौरांना गाठलं. ते गळ्यात साखळी घालून एका वाचनालयाची फीत कापत होते. म्हणाले, "काका, माझ्या हातात ही कात्री तेवढी आहे. सत्ता लीडरबाईंकडे."

लीडर म्हणजे सिटी कौन्सिलात बहुमताच्या पक्षाच्या नेत्या, आपल्याच वॉर्डातल्या ऑटवेबाई. समितीच्या बैठकीत नागरिकाला तीन मिनिटं बोलू देतात. अडीच मिनिटं मी पुरावे मांडले, की बाईंच्या परसात एक बाक आलं आहे. (कुंपणावरून पाहिलं. शिडी माझीच.)

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "प्लमट्रीसाहेब, ते तुमचंच आहे. पाय कुजले होते, आणि दुरुस्ती कुठल्याच खात्यात बसेना. माझे यजमान पाय बदलताहेत. पट्टी मी घासतेय."

उरलेलं अर्धं मिनिट मी पुराव्यांचे कागद पिशवीत परत भरण्यात घालवलं.

शुक्रवारी बाक आलं, चारही पाय गवतात. बसलो, आणि अंधारून आलं तरी उठवेना. पण ताई, मे महिन्यात निवडणूक आहे. बाईंनी उगाच एवढं केलं असेल?

तुझा,
पर्सी

ता. क. – आपल्या वॉर्डातल्या दुसऱ्या जागेसाठी बाईंच्या पक्षाकडून मी उभा राहतोय. (त्यांनीच विचारलं. नाही म्हणवेना.) सूचक त्यांचे यजमान आहेत. अनुमोदक म्हणून सोबतच्या अर्जावर तुझी सही हवी. तूही याच वॉर्डातली.

ता. क. २ – आधी शेजारच्या गिल्बीला विचारलं होतं. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाला, "यात तुझा काय फायदा, ते आधी सांग." माणसं किती संशयी झाली आहेत गं.