एडीच्या गॅरेजमधलं गाणं

३ मार्च १९८६, शुगर लँड
हॉस्पिटलच्या लॅबमधून आले, कुकर लावला, गरम पाण्यात पाय सोडून बसले. विलास आजही टाय बांधून, डबा घेऊन बाहेर. तेलाचे भाव पडले नि कंपनीने त्याच्या अख्ख्या मजल्याला घरी पाठवलं, त्याला आता दोन महिने झाले. पण इथल्या मराठी मंडळात कुणाला कळता कामा नये. मीनललाही नाही, बाबा ऑफिसात जातात असंच तिला वाटतं. मी डबा भरून देते. वीट आलाय या नाटकाचा.

८ मार्च, शनि.
शेजारचा एडी. तेलाच्या रिगवर मेकॅनिक होता, त्याचीही नोकरी गेली. पण हा गॅरेजचं दार सताड उघडं टाकून राजरोस गिटार वाजवतो. ब्लूजच, म्हणजे इथली रडगाणी, पण ठणाणा रॉक करून. आज एकाच जागी अडकत होता. कपड्यांच्या घड्या घालता घालता मी ती जागा गुणगुणले, तर कुंपणाशी धावत आला. "मॅम, डू दॅट अगेन!" कोमल गंधाराच्या जरा वर, शुद्धच्या खाली. नागपूरला ही जागा लागली की गाण्याच्या बाई ओरडायच्या, मधे लोंबकळू नकोस! इथे नेमकं तेच हवंय.

२२ मार्च
गॅरेजमध्ये माइकपुढे उभी राहिले. इकडे भाजी करपली. एडीने शब्द लिहून दिले. माझा माणूस सकाळी टाय बांधतो, कुठेच जायचं नसताना गाडी काढतो...
हे कुठून आणलंस, विचारलं. "लायब्ररीचा पार्किंग लॉट, मॅम. ही जस्ट सिट्स देअर." विलासचं नाव त्याने घेतलं नाही, मीही नाही. गाऊ नये असं वाटलं. गायले. लग्नानंतर पहिल्यांदा आवाज पोटातून निघाला. फार बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१७ एप्रिल
एडीचा मेहुणा रेडिओवर आहे, त्याने टेप लावली. लॅबच्या ब्रेकरूममध्ये ऐकलं! एक नर्स काट्यावरचा घास तसाच धरून बसली. तिचा नवरा पण घरी बसलाय म्हणे. कोण गातंय, विचारत होती. मी सँपलवर लेबलं लावत राहिले.

४ मे, रवि.
काल एडीच्या ड्राइव्हवेत अनोळखी माणसं, फोल्डिंगच्या खुर्च्या, कॅसरोलची भांडी. सगळे नोकरी गेलेले. तेच गाणं पुन्हा पुन्हा. एक म्हातारा हात धरून म्हणाला, हे ऐकलं नि घरी सांगून टाकलं एकदाचं. आमच्या घरी विलासने पडदे ओढून टीव्ही मोठा केला होता.

११ मे
मंडळाच्या जोशी वहिनींचा फोन. "अगं, पोरांनी रेडिओ लावला होता. तुझाच ना गं आवाज? मी लग्गेच ओळखला. भाऊजींचं सगळं ठीक ना?" ठीक म्हटलं. मीनल समोरच. "मॉम, इज दॅट साँग अबाउट डॅड?" फोडणी जळायला लागली. हो म्हणाले. "आय काइंड ऑफ न्यू." म्हणजे एवढंसं पोर, तेही नाटक सांभाळत होतं. रडू आलं मला.
विलासला सांगितलं. "माझी अब्रू गावभर वाटत फिर." ओळ एडीची आहे, म्हटलं. "आवाज तुझा आहे." खरंय. पण त्या अब्रूचा डबा रोज मीच भरते, दमले मी. तो जेवला नाही. मी जेवले.

२५ मे
विलासचं बोलणं बंद. मीनलला गणित मात्र शिकवत बसतो, हल्ली दुपारीच घरी येऊन. एडीकडे ऑस्टिनहून कुणी आला होता. नीट स्टुडिओत करू म्हणतो, रेकॉर्ड काढू, आवाज हाच हवा. गाणं तोकडं पडतंय, आणखी एक कडवं घाला. विचार करते म्हटलं. डबल शिफ्ट, पाठ गेलीय. विचार कसला करणार.

१ जून
पार पूर्व किनाऱ्यावर, पार्सिपनीत विलासचा मामेभाऊ आहे, त्याच्या ऑफिसात इंटरव्ह्यू. नोकरी मिळाली तर तो तिकडे, आम्ही इथे, पुढचं पुढे. त्याची बॅग भरत होते. अचानक, "जाणारेस ना रेकॉर्डिंगला?"
हो म्हटलं.
शर्टाच्या घड्या मोडून परत घालत बसला. मग माझ्याकडे न बघताच, "त्या गाण्यातला माणूस शेवटी घरी येतो का?"
तिसरं कडवं एडीने अजून लिहिलेलं नाही. तसं सांगितलं.
"मग एडीला म्हणावं, घाई नको करू."